वळवाच्या रात्री थांबलेला लॉट

फोन सोमवारी सकाळी साडेनऊला आला. "मॅडम, शनिवारी आवळलेल्या तुमच्या बोल्टांपैकी अकरा बोल्टांची डोकी आज खाली पडलेली सापडली. काल सुट्टी होती. कुणी हात लावलेला नाही."

वाळूज एमआयडीसीतल्या एका प्लेटिंग शॉपमध्ये मी क्वालिटी बघते. शिक्षण बीएस्सी केमिस्ट्री, गाव पैठण तालुक्यात. आमचं बहुतेक काम झिंक प्लेटिंगचं, म्हणजे गंज लागू नये म्हणून पोलादावर विजेच्या करंटने जस्ताचा थर चढवायचा. माल म्हणजे ब्रॅकेट, वॉशर आणि साधे ८.८ ग्रेडचे बोल्ट. पाच महिन्यांपासून एम-१० चे, म्हणजे दहा मिलिमीटर जाडीचे एलन बोल्ट येत होते, ग्रेड १२.९. डोक्यावर १२.९ कोरलेलं असलं की त्या बोल्टाची ताणशक्ती चौरस मिलिमीटरला साधारण १२०० न्यूटन धरायची, आणि त्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत ओढला तरी तो कायमचा लांबत नाही. कडकपणा रॉकवेल मापावर ३९ ते ४४ एचआरसी, म्हणजे साध्या ८.८ पेक्षा बराच जास्त. काम चांगल्या पैशाचं होतं म्हणून आम्ही घेतलं. ८.८ आणि १२.९ दोन्ही आमच्या डोळ्यांना बोल्टच दिसत होते, खरी चूक तिथेच झाली.

दुपारपर्यंत मी ग्राहकाच्या लाइनवर पोहोचले. एक तुटलेलं डोकं तळहातावर घेतलं आणि खिशातलं दहापट भिंग लावलं. जास्त आवळल्याने बोल्ट तुटतो तेव्हा तो आधी लांबतो, मानेशी बारीक होतो, आणि तुटलेली जागा राखाडी, तंतू ओढल्यासारखी दिसते. इथे मान बारीक झालेलीच नव्हती. डोकं जिथे दांड्याला मिळतं त्या गोलाईत बोल्ट सरळ आडवा तुटला होता. कडेला चंद्रकोरीएवढ्या भागात रवाळ चमक होती, उजेडात फिरवलं की बारीक साखरेसारखे कण चमकायचे. मधला भाग मात्र नेहमीसारखा राखाडी. म्हणजे तडा कडेपासून हळूहळू आत आला होता, आणि उरलेला भाग ताण सोसेना म्हणून शेवटी एकदम तुटला होता.

ग्राहकाकडचे साहेब म्हणाले, "मटेरियल खराब असेल." मी म्हटलं, "साहेब, हे आमच्याकडूनच झालेलं असू शकतं. मला तीन दिवस द्या." तेव्हा माझ्या हातात पुरावा काही नव्हता. पण शनिवारी आवळलेला बोल्ट रविवारी कुणी न छेडता तुटतो, याचं माझ्या विषयात एकच मोठं कारण आहे. हायड्रोजन.

हे मी कॉलेजात दोन ओळींत वाचलं होतं, कळलं मात्र त्या आठवड्यात. ॲसिडच्या टाकीत लोखंड बुडवलं की पृष्ठभागावर हायड्रोजनचे अणू तयार होतात. बहुतेक अणू दोन-दोनने जोडले जाऊन बुडबुडे होतात आणि वर निघून जातात. काही अणू जोडी जमण्याआधीच पोलादात शिरतात, कारण हा अणू फारच लहान असतो. पोलादात तो एका जागी बसून राहत नाही. जिथे ताण जास्त तिकडे सरकत जातो, म्हणजे बोल्टात डोक्याखालच्या गोलाईत किंवा नटात गुंतलेल्या पहिल्या आट्यात. तिथे पुरेसा गोळा झाला की पोलाद ज्या बारीक कणांचं बनलेलं असतं त्यांच्यातले सांधे सुटायला लागतात. मऊ पोलाद असेल तर ते थोडं वाकून, थोडं लांबून ताण मोकळा करतं. कडक पोलादाला ती सवलत नाही. शनिवार ते सोमवार हा सगळा वेळ हायड्रोजनच्या प्रवासात गेला होता.

ही गोष्ट जुनी आहे. इंग्लंडमध्ये डब्ल्यू. एच. जॉन्सन यांनी १८७५ साली रॉयल सोसायटीपुढे मांडलं होतं की ॲसिडात काही मिनिटं ठेवलेली लोखंडी तार ठिसूळ होते, आणि मोडलेली जागा ओली केली तर तिच्यातून बारीक फेस येतो. तार काही दिवस नुसती ठेवली किंवा तापवली तर तिची ताकद परत येते, हेही त्यांनी पाहिलं होतं. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. फेस आला म्हणजे हायड्रोजन आत होता, आणि तापवल्यावर ताकद आली म्हणजे तो बाहेर काढता येतो. आपण ज्याला बेकिंग म्हणतो, म्हणजे प्लेटिंगनंतर माल ओव्हनमध्ये काही तास तापवणं, ते त्या दुसऱ्या निरीक्षणावरच उभं आहे. अट एकच, आत तडा जायच्या आधी तापवायला हवं. तडा गेला की मग कितीही भाजा, तो सांधत नाही.

शॉपवर परत येऊन मी त्या लॉटचं कार्ड काढलं. लॉट २,४०० नगांचा.

मे महिना. त्या आठवड्यात आमच्याकडे पाण्याची ओढ होती. जायकवाडी खाली गेलं की आमच्या रिन्सच्या, म्हणजे माल धुण्याच्या टाक्यांना त्याची झळ पहिल्यांदा लागते. रिन्सचं पाणी रोज बदलायचं, ते तीन दिवस चालवलं. मळक्या पाण्यात धुतलेल्या मालावर झिंक डागाळून बसलं. तपासणीत लॉट रिजेक्ट झाला आणि कार्डावर शिक्का पडला 'रिवर्क'. रिवर्क म्हणजे ते झिंक हायड्रोक्लोरिक ॲसिडात उतरवायचं आणि माल पुन्हा टाकीत सोडायचा. साध्या बोल्टांना आम्ही हे वर्षानुवर्षं करत आलो होतो. कार्डावर ॲसिडातली वेळ लिहिलेली होती, पंचवीस मिनिटं. त्याआधी पहिल्या वेळचं पिकलिंग, म्हणजे प्लेटिंगपूर्वी ॲसिडात बुडवून केलेली सफाई, वेगळं. झिंक ॲसिडात विरघळताना टाकी कशी उसळते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. तो सगळा हायड्रोजनच असतो, आणि पोलादाला अगदी चिकटून तयार होत असतो.

मग कार्डावर पुढची नोंद. बुधवार, रात्री साडेसात, प्लेटिंग पूर्ण. त्याच रात्री वळीव आला होता. पत्रे उडतील असा वारा, पाठोपाठ गारा, आणि आठच्या सुमारास लाईट गेली. ती अकराला आली, पण ओव्हनचा काँटॅक्टर, म्हणजे त्याला वीज जोडणारा स्विच, जळाला होता. इलेक्ट्रिशियन सकाळी आला. प्लेटिंग झालेले बोल्ट रात्रभर जाळीच्या बास्केटमध्ये पडून राहिले आणि ओव्हनमध्ये गेले गुरुवारी सकाळी सातला. साडेअकरा तास. नियम चार तासांच्या आत ओव्हनमध्ये घालायचा आहे, आणि शक्य तितकं लवकर, तासाभरात घातलं तर उत्तम. सकाळी चार तासांचं बेकिंग झालं, कारण ग्राहकाच्या ड्रॉइंगवर तेवढंच लिहिलेलं होतं. शुक्रवारी माल गेला, शनिवारी फिटिंग झालं.

पिकलिंगच्या टाकीवर आमचे मामा असतात. वीस वर्षांपासून हेच काम करतात. मी त्यांच्याजवळ बसले आणि कार्ड पुढे केलं. त्यांनी ते बघितलंसुद्धा नाही.

"ताई, कडक माल ॲसिडात एवढा येळ ठेवत नसतेत. पहिल्या कंपनीत आम्ही स्प्रिंगच्या क्लिपा बुडवायचो. बास्केट वर काढायच्या आधीच आतून टिक-टिक आवाज यायचा. वर काढलं की निम्म्या तुटलेल्या."

"मग मामा, त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"बोललो ना. सुपरवायझर म्हणाला, बोल्टाला काय होतंय. मला तरी कुटं म्हाईत होतं कामून तुटते ते. तुटते एवढंच म्हाईत."

मामांना गोष्ट माहीत होती आणि मला कारण माहीत होतं. पाच महिने आम्ही एकाच छपराखाली काम करत होतो, आणि या दोन गोष्टींची गाठ कधी पडली नव्हती. मला ते फार लागलं. त्या दिवसापासून कुठलाही नवा माल आला की मी पहिला नग मामांच्या हातात देते.

पण रिवर्क आणि उशीर एवढ्यावर थांबून चालणार नव्हतं. बेकिंग तरी खरं होत होतं का, ते बघायचं होतं. ओव्हनच्या कंट्रोलरवर २०० अंश दिसायचे, त्यावर आम्ही निर्धास्त होतो. आम्ही ट्रेमध्ये बोल्ट ओतायचो, चांगला वीतभर ढीग. मी एक लांब वायरचा थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, ढिगाच्या मधोमध खोचला, दार लावलं आणि वही घेऊन बाहेर बसले. कंट्रोलर पंचवीस मिनिटांत २०० ला पोहोचला, ढिगाचं पोट तेव्हा ९० ला होतं. एक तास झाला, १४०. दोन तास उलटून गेल्यावर ते १९० च्या वर आलं. म्हणजे आमच्या चार तासांतले खरे तास दोनपेक्षा कमी होते, आणि तेही मधल्या बोल्टांना. पाच महिने हेच चाललं होतं. त्या वहीतला तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

त्यात दुसरीही एक अडचण असते. झिंकचा थर हायड्रोजनला सहज वाट देत नाही. आत शिरलेला अणू परत निघताना या थरापाशी अडतो. म्हणून चार तास ही वेळ एवढ्या कडक मालाला मुळातच अपुरी. पोलाद जितकं ताकदवान, तितके तास जास्त, आठपासून बावीस-चोवीसपर्यंत. तापमान १९० ते २२०. इथे एक काळजी घ्यावी लागते, माल ज्या तापमानाला टेंपर केलेला असतो, म्हणजे कडक केल्यानंतर ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवलेला असतो, त्याच्या बरंच खाली राहायचं. १२.९ च्या बोल्टाचं टेंपरिंग ३८० च्या वर झालेलं असतं, त्याला २०० अंशांनी काही होत नाही. पण केस हार्डन केलेले, म्हणजे फक्त वरची साल कडक केलेले स्क्रू कमी तापमानाला टेंपर झालेले असतात. त्यांना आंधळेपणाने २०० ला चढवलं तर कडकपणाच उतरतो. हीट ट्रीटमेंटवाल्याला टेंपरिंगचं तापमान विचारल्याशिवाय बेकिंगचा आकडा लिहू नये.

मालकांपुढे हे सगळं मांडलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ताई, काय काय बदलायचं?"

सगळ्यात आधी ॲसिड. हीट ट्रीटमेंटची काळी पपडी काढायला आम्ही पंधरा मिनिटं पिकलिंग करत होतो. त्याऐवजी बारीक स्टील शॉटने ब्लास्टिंग सुरू केलं. पपडी यंत्राने निघाली की ॲसिडात फक्त डुबकी पुरते, एक मिनिट, तीही इन्हिबिटर हे ॲसिडाला आवर घालणारं रसायन घातलेल्या ॲसिडात, म्हणजे लोखंडावरचा हल्ला आणि त्यातून होणारा हायड्रोजन दोन्ही कमी. पहिल्या दिवशी मामा घड्याळ घेऊन टाकीपाशी उभे राहिले. मिनिट झालं की बास्केट वर.

मग इलेक्ट्रो क्लीनिंग, म्हणजे करंट सोडून मालावरचं तेल काढणं. आमच्याकडे जॉब, म्हणजे तो माल, निगेटिव्हला जोडलेला असायचा, कारण बुडबुडे जास्त येतात आणि तेल पटकन सुटतं. पण निगेटिव्हवर सुटणारे ते बुडबुडे हायड्रोजनचेच असतात. जॉब पॉझिटिव्हला जोडला की त्यावर ऑक्सिजन सुटतो. करंट पुरवणाऱ्या रेक्टिफायरच्या दोन केबल उलट्या करायला पाच मिनिटं लागली. एवढी साधी गोष्ट आम्ही कधी तपासली नव्हती.

प्लेटिंगची टाकी हा मोठा वाद झाला. आमची मुख्य टाकी अल्कलाईन झिंकची. तिचा थर सगळीकडे सारखा बसतो, पण दिलेल्या करंटमधला वीस-तीस टक्के किंवा त्याहूनही जास्त करंट झिंक बसवण्याऐवजी हायड्रोजन तयार करण्यात जातो. ॲसिड क्लोराईड झिंकच्या टाकीत जवळजवळ पंच्याण्णव टक्के करंट झिंकलाच लागतो. नावात ॲसिड असलेली टाकी इथे जास्त सुरक्षित कशी, हे पटवायला मला अर्धा दिवस लागला. शेवटी १२.९ चा माल क्लोराईडच्या छोट्या बॅरल लाइनवर नेला.

ओव्हनसाठी ट्रे बदलले, एक थर, फार तर दोन. थर्मोकपल मालात ठेवायचा, आणि माल १९० ला आला की तिथून घड्याळ सुरू. ओव्हन जनरेटरवर घेतला. पॅसिव्हेशन, म्हणजे झिंक लवकर गंजू नये म्हणून त्यावर रसायनाची पातळ फिल्म चढवणं, बेकिंगनंतर करायचं ठरलं, कारण आधी केलेली ती फिल्म भट्टीत तडकते आणि मग गंज लवकर येतो. बेकिंगनंतर झिंक थोडं सुस्तावलेलं असतं, म्हणून अर्धा टक्का नायट्रिकमध्ये क्षणभर बुडवून मगच पॅसिव्हेशनला सोडायचं. आणि रिवर्क बंद. १२.९ च्या कार्डावर रिजेक्टचा शिक्का पडला तर तो माल भंगारात जातो. मालकांना हे जड गेलं, पण त्यांनी सही केली.

हे सगळं खरंच लागू पडतंय का, ते ताणाखालीच कळणार होतं. मी जाड पोलादी प्लेटला भोकं पाडून घेतली आणि तीस बोल्ट त्यात ठरलेल्या टॉर्कला आवळले. दहा जुन्या पद्धतीचे, म्हणजे पंचवीस मिनिटं ॲसिडात उतरवून पुन्हा प्लेट केलेले. दहा नुसत्या चार तासांच्या ढिगातल्या बेकिंगचे. दहा नव्या पद्धतीचे, चौदा तास बेक केलेले. प्लेट कपाटात ठेवली, वर जाड गोणपाट टाकलं, कारण तुटलेलं डोकं गोळीसारखं उडतं. अठ्ठेचाळीस तास वाट बघायची होती.

पहिल्या रात्री मामांची नाईट होती. अडीच वाजता फोन आला. "ताई, कपाटात एक वाजला." मी उठून बसले. "कसा आवाज आला मामा?" "तसाच, क्लिपांसारखा. पण जड." सकाळपर्यंत आणखी दोन. अठ्ठेचाळीस तासांनी गोणपाट काढलं तेव्हा पहिल्या दहांतले चार गेले होते, दुसऱ्या दहांतला एक, आणि नव्या पद्धतीचे दहाच्या दहा जागेवर होते. ते मी एकेक करून सोडवले आणि प्रत्येकाच्या डोक्याखाली भिंगाने पाहिलं. तडा कुठेही नव्हता.

तीस बोल्टांनी काही कायमचं सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. विमानाच्या भागांसाठी खाच पाडलेले नमुने दोनशे तास ताणाखाली ठेवून तपासतात, ते उगाच नाही. त्यातच मी सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड पुलाबद्दल वाचलं. तिथे २०१३ साली ताण दिल्यानंतर थोड्याच दिवसांत ९६ पैकी ३२ जाडजूड रॉड हायड्रोजनमुळे तुटले. ते रॉड विजेवर प्लेट केलेले नव्हते, गरम झिंकमध्ये बुडवलेले होते. हायड्रोजन फक्त आमच्या टाकीतून येत नाही, पुढे पाण्यात आणि गंजातूनही येतो.

म्हणून ग्राहकाकडे शेवटचा रिपोर्ट घेऊन गेले तेव्हा मी दोन कागद नेले. एकात आमची नवी पद्धत होती, तासांसकट. दुसऱ्यात मी लिहिलं होतं की या बोल्टाला इलेक्ट्रोप्लेटिंग करूच नये, झिंक फ्लेक करावं. त्यात झिंकचे पापुद्रे रंगासारखे लावून भाजतात, ना ॲसिड ना करंट, सफाईही ब्लास्टिंगने. आमच्याकडे ते होत नाही, त्यामुळे काम आमच्याकडून जाणार होतं. मालकांना आधी विचारलं होतं. ते म्हणाले, "ताई, हा बोल्ट चाकाजवळ बसतो. लिहून द्या."

साहेबांनी दोन्ही कागद ठेवून घेतले. तीन महिन्यांनी ड्रॉइंग बदललं आणि १२.९ आमच्याकडून गेले. पण बदललेली पद्धत राहिली, कारण स्प्रिंगच्या क्लिपा अजून येतात आणि त्यांचा कडकपणा बोल्टांपेक्षाही वर आहे.

गेल्या आठवड्यात पुन्हा वळीव आला. लाईट गेली तेव्हा क्लिपांचा लॉट नुकताच टाकीतून निघून वाळत होता. जनरेटर चालू झाला, मामांनी ट्रे एका थरात पसरले, ओव्हनचं दार लावलं आणि टॉर्चच्या उजेडात कार्डावर वेळ लिहिली. आठ वाजून बारा मिनिटं. टाकीतून निघून पस्तीस मिनिटं झाली होती.